माप

मनामात, सोनारांच्या गल्लीमागे माझं फ्रेमांचं दुकान.
माझं म्हणजे कफीलचं; करवत, काच आणि खोकला माझा.
ऑगस्टात इथली हवा ओल्या फडक्यासारखी तोंडावर बसते,
कागद फुगतो.
मासूमेबाईंनी चित्र आणलं ते
उशीच्या दोन अभ्र्यांत गुंडाळून, पोटाशी धरून.

शाईचं चित्र. काळ्याशिवाय रंग नाही.
दोन घोडे मोकळे, पाठ फिरवून चरताहेत.
गवताचं पातं न् पातं एकेका रेघेचं, इतकं बारीक
की भिंग धरलं तर वारा कुठून येतो ते कळावं.
मधोमध दाढीवाला पहिलवान गुडघ्यांवर,
त्याच्या मांडीवर मिसरूड फुटलेला पोरगा,
बरगडीत खंजीर.
पोराच्या दंडावर एक पट्टी, पट्टीत खडा:
तेवढी जागा शाईने सोडलेली.
नुसता कागद.

"हा बाप," बाई म्हणाल्या.
त्यांची हिंदी इराणी वळणाची, माझी अरबी दुकानापुरती;
त्यातून जी भाषा उरते तिच्यात मला कळलं ते असं:
पोर पोटात असताना बाप निघून गेला.
जाताना खडा ठेवला, मुलगा झाला तर दंडावर बांध म्हणाला.
पुढे दोन फौजा समोरासमोर.
मुलाने नाव विचारलं. बापाने सांगितलं नाही.
चिलखताचे बंद सोडले तेव्हा खडा दिसला.

"औषध नव्हतं?" मी विचारलं.
"राजाकडे होतं," त्या म्हणाल्या. "त्याने दिलं नाही."

पिंगुळीला मामाच्या अंगणात
ठाकर मंडळी चित्रांची पोथी सोडायची.
वीणा, टाळ, हुडूक, आणि कंदिलाशी धरलेलं एकेक पान.
तिथेही बाप होता, मुलगा होता,
फक्त बाण मुलाचा आणि पडलेला बाप.
मी डोळे मिटून घ्यायचो.
मामा कोपराने ढोसायचा: थांब रे, पान उलटू दे.
पान उलटलं की पाताळातून मणी यायचा,
बाप उठून बसायचा, झोपेतून उठल्यासारखा.
बाईंच्या चित्राला मागचं पान नव्हतं.
मी उलटून पाहिलं.

दाबोळीला, चार वर्षांनी,
बॅगांच्या गाडीआड एक उंच पोरगा उभा होता.
मी म्हटलं, "जरा बाजूला हो रे, माझी माणसं शोधतोय."
तो झाला बाजूला.
मग हिची हाक आली, "अहो, गौरेशच तो!"
आणि आम्ही दोघे हसलो,
विमानतळावर माणसं हसतात तसे.

अर्धा मिलिमीटर चुकला तर मी काच परत पाठवतो.
त्याच्यासाठी नेलेले बूट दोन नंबर लहान निघाले.
त्याने घातले. संध्याकाळपर्यंत घालून फिरला.
टाच सोलली ते आईला सांगितलं,
मला नाही.

फ्रेम साधी कर, सोनेरी नको, बाई म्हणाल्या.
चित्र त्यांच्या भावाने काढलेलं.
भाऊ कुठे असतो, हे विचारायला मी तोंड उघडलं
आणि लाकडाचा भाव सांगितला.

माउंट कापायला घेतला तेव्हा दिसलं,
नेहमीचा काठ ठेवला तर उजवीकडचा घोडा जातो.
जाऊ दे, त्या म्हणाल्या, घोड्याचं काय.
मी नाही जाऊ दिला.
दोन बोटं काठ कमी केला, फुकटात.
इतकं सगळं घडताना
कुणीतरी गवत खात असायला हवं.

काच बसली. खिळे बसले.
मागच्या पुठ्ठ्यावर मी पेन्सिलीने नेहमी माप लिहितो,
फ्रेम कधी मोडली तर पुढच्या कारागिराला मिळावं म्हणून:
बेचाळीस बाय एकोणसाठ.
त्याखाली आज आणखी एक आकडा लिहिला.
नऊ.
फोन करून विचारून घेतला होता, सकाळीच.
मग त्यावरून तपकिरी पट्टी चिकटवली,
अंगठ्याने दाबत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.